कॉफीची खरी परीक्षा शटर पडल्यावर

हाताने चालणाऱ्या एका लिव्हर मशीनची रोजची साफसफाई बघायला गेलं, तर त्यातून आपल्या शहराचं पाणी, दुरुस्तीचा हक्क आणि कामाचे तास असे तीन प्रश्न निघतात. तिन्ही आपल्याच वयाच्या मुलांचे आहेत.

असाइनमेंट सोपी होती. 'नागपुरातले नवे कॅफे' अशी यादी करायची, चार फोटो काढायचे आणि मोकळं व्हायचं. धरमपेठेतल्या एका छोट्या कॅफेत शेवटचा फोटो काढायला पोचले तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. शटर अर्धं खाली आलं होतं. आत एक मुलगा, वयाने माझ्याएवढाच, एका चकचकीत मशीनखाली वाकून ब्रशने काहीतरी घासत होता.

"ताई, बंद झालं."

मी म्हटलं, "कॉफी नको दादा, फोटो पाहिजे."

"मग थांबा थोडं. हे साफ करायला रोज अर्धा-पाऊण तास लागून राहिला."

मी थांबले. यादी अर्धवट राहिली, पण विषय मिळाला. धरमपेठ, सदर, लक्ष्मीनगर, मनीषनगर, कुठेही जा, कॉफीची नवी पाटी दिसतेच. आपण त्या पाटीचा, लॅटेवरच्या नक्षीचा, भिंतीवरच्या निऑनचा फोटो टाकतो. शटर पडल्यावरच्या अर्ध्या-पाऊण तासाचा फोटो कुणीच टाकत नाही. पण कॉफी चांगली लागते की खवट, मशीन दहा वर्षं टिकतं की दोन, आणि त्या मुलाचा हात भाजतो की नाही, हे सगळं तिथेच ठरतं.

आधी मशीन समजून घेऊ

आपल्याकडे 'एस्प्रेसो' म्हटलं की अनेकांना लग्नाचं रिसेप्शन आठवतं. मोठं स्टीलचं मशीन, फुस्स करून वाफ सोडणारी नळी, वरून कॉफी पावडर भुरभुरलेला फेसाळ कप. आवडता प्रकार आहे, वाद नाही. पण ते मुळात वाफेवर दूध तापवून फेस आणणारं मशीन. खऱ्या एस्प्रेसोत बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट दाबलेल्या थरातून गरम पाणी साधारण ९ बार दाबाने ढकलतात.

९ बार म्हणजे किती? घरातल्या प्रेशर कुकरमध्ये शिटी होताना वातावरणापेक्षा साधारण १ बार जास्त दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास. म्हणजे टायरच्या चौपट दाब त्या छोट्याशा चाळणीवर येतो. आजच्या बहुतेक मशीनमध्ये हे काम विजेचा पंप करतो. लिव्हर मशीनमध्ये ते हात करतो. दांडा खाली ओढला की पिस्टन वर जातो, खालच्या जागेत गरम पाणी येतं. स्प्रिंगवालं मशीन असेल तर दांडा सोडल्यावर स्प्रिंगच पिस्टन खाली ढकलते. स्प्रिंग नसेल तर आपणच दांडा दाबायचा.

एस्प्रेसोचं मशीन इटलीत जन्मलं. लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेलं मशीन वाफेच्या दाबावर चालायचं. दाब कमी, उष्णता जास्त, त्यामुळे कॉफी जळकी लागायची. मिलानचे आकिले गाजिया यांनी वाफेऐवजी पिस्टन वापरायची वाट धरली आणि १९४७ मध्ये लिव्हरच्या मशीनचं पेटंट घेतलं. कपावर तो तांबूस फेस, म्हणजे क्रेमा, तेव्हापासून दिसू लागला. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीचं ई-६१ हे पंपवालं मशीन आलं आणि लिव्हर मागे पडला. त्याच वर्षी ला पावोनीचं युरोपिकोला हे घरगुती लिव्हर मशीन बाजारात आलं. बारिस्टा आजही शॉट 'ओढला' म्हणतात, तो शब्द या दांड्यावरून आलाय.

आता लिव्हर परत येतोय. काही कॅफे जुनं मशीन दुरुस्त करून लावतात. हॉस्टेलवरची मुलं फ्लेअरसारखं बिनविजेचं छोटं यंत्र घेतात. कारण उघड आहे. यात सर्किट बोर्ड, टचस्क्रीन जवळपास नसतंच. बिघडलं तर काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं. अट एकच, रोज साफ करायचं.

तीन शत्रू: तेल, दूध, क्षार

त्या रात्री मी जे बघितलं ते क्रमाने सांगते.

पहिला शत्रू कॉफीचं तेल. भाजलेल्या बियांत तेल असतं. ते जाळीवर, रबरी रिंगवर आणि हँडलच्या चाळणीत साचतं. जुन्या खोबऱ्याला येतो तसा खवटपणा या तेलालाही येतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या कपात उतरतो. म्हणून प्रत्येक शॉटनंतर चोथा काढायचा, चाळणी धुवायची, ग्रुपमधून थोडं गरम पाणी सोडायचं. रात्री ब्रशने रिंगच्या खाचेत अडकलेली कॉफी काढायची. वापरानुसार आठवड्यातून एकदा तरी जाळी उघडून चाळणीसोबत कॉफी मशीनसाठी मिळणाऱ्या क्लीनरच्या गरम पाण्यात भिजवायची आणि भरपूर धुवायची. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यात टाकायचे नाहीत, ते काळे पडतात.

इथे एक चूक बरेच जण करतात. पंपवाल्या मशीनला बॅकफ्लश करतात, म्हणजे हँडलमध्ये बिनछिद्राची चकती टाकून क्लीनरचं पाणी आतून उलटं फिरवतात. ते बघून लिव्हरलाही तसंच करायला जातात. बहुतेक लिव्हर मशीनमध्ये त्यासाठी लागणारा व्हॉल्व्ह नसतो, आणि क्लीनरमुळे पिस्टनच्या सीलवरचं ग्रीस धुऊन जातं. मग पिस्टन कोरडा घासतो आणि सील कापलं जातं. लिव्हरचा नियम वेगळा आहे. काही महिन्यांनी पिस्टन बाहेर काढायचा, पुसायचा, सील तपासायचं आणि खाद्यपदार्थांना चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा. दांडा ओढताना कुरकुर किंवा अडखळ जाणवली, की वेळ आली समजा.

दुसरा शत्रू दूध. वाफेची नळी दुधातून बाहेर काढली की लगेच ओल्या फडक्याने पुसायची आणि दोन सेकंद वाफ सोडायची. 'नंतर बघू' म्हटलं की दूध नळीवर भाजून चिकटतं. त्याहून वाईट म्हणजे नळी थंड होताना दूध आत ओढलं जातं. त्यात जंतू वाढणार, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कपात तेच जाणार. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा आहे. त्याखालच्या २०११ च्या परवाना नियमांतल्या चौथ्या अनुसूचीत भांडी-उपकरणांची स्वच्छता आणि पिण्यायोग्य पाणी या अटी स्पष्ट आहेत. म्हणजे नळी पुसणं ही बारिस्टाची हौस नाही, तो कायद्याच्या चौकटीतला भाग आहे.

तिसरा शत्रू क्षार, आणि हा थेट नागपूरच्या पाण्याशी जोडलेला आहे.

बादलीतल्या रॉडला विचारा

हॉस्टेलला राहणाऱ्यांनी पाणी तापवायचा रॉड आठवावा. काही महिन्यांत त्यावर पांढरट, खरखरीत थर चढतो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन बसतं, तोच हा थर. कॉफी मशीनच्या बॉयलरमध्ये हेच होतं, फक्त ते दिसत नाही. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, वीज जास्त लागते, हीटर जळतो आणि बारीक नळ्या बुजतात. सगळ्यात धोक्याचं म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने जाम होऊ शकतो. कुकरचा व्हॉल्व्ह जाम झाला तर काय होतं, हे कोणत्याही घरात विचारा.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं, की एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतं. पण जे पोटाला चालतं ते बॉयलरला चालेलच असं नाही. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या, प्रचलित मानकात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, म्हणजे टीडीएस, लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास सुचवलंय. नागपूर शहराला नळाचं पाणी मुख्यतः पेंच प्रकल्प आणि कन्हान नदीतून येतं. पण कित्येक इमारतींत आणि दुकानांत बोअरचं पाणी वापरतात किंवा नळाच्या पाण्यात मिसळतात. जमिनीखालचं पाणी खडकातून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येतं. एकाच रस्त्यावरच्या दोन कॅफेंचं पाणी त्यामुळे वेगळं असू शकतं.

"मग आरओ लावा ना," असं आपण लगेच म्हणतो. तिथेही गोम आहे. आरओने क्षार जवळजवळ संपवले तर कॉफी सपक लागते, कारण चव उतरायला पाण्यात थोडे क्षार लागतात. ज्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी विजेच्या सळईने मोजतात, तिथे फारच शुद्ध पाण्यातून वीज नीट वाहत नाही आणि सळईला पाणी 'दिसत'च नाही. म्हणून आरओचं आणि साधं गाळलेलं पाणी मापून मिसळावं किंवा क्षार कमी करणारं फिल्टर लावावं. टीडीएस मीटर पेनाएवढा असतो. तो विरघळलेले सगळे क्षार एकत्र मोजतो, कठीणपणा वेगळा सांगत नाही, त्यासाठी साधं टेस्ट किट मिळतं.

आपल्या शहरात नीरी आहे, हे इथे आठवायला हवं. १९५८ मध्ये ही संस्था सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी नागपुरात सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. पाण्यावर काम करणारी देशातली महत्त्वाची संस्था आपल्या वर्धा रोडवर आणि आपल्या कॅफेवाल्याला स्वतःच्या नळाचा कठीणपणा माहीत नाही, हे अंतर कुणी भरायचं? केमिस्ट्रीच्या किंवा एन्व्हायर्न्मेंटल सायन्सच्या मुलांनी शहरातल्या वीस ठिकाणचं पाणी तपासलं, तरी एक चांगला प्रोजेक्ट होईल आणि कॅफेवाल्यांना फुकट नकाशा मिळेल.

क्षार काढायची पद्धत सोपी आहे. घरगुती मशीनला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळून फिरवायचं, सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवायचं नाही, मग दोन-तीन वेळा साधं पाणी भरून रिकामं करायचं. व्हिनेगर टाळा, वास जाता जात नाही. कॅफेतल्या मोठ्या बॉयलरला मात्र स्वतः हात लावू नये. ते काम तंत्रज्ञाचं.

दहा पैशांची रिंग, आठवड्यांची वाट

लिव्हर मशीनमध्ये झिजणारे भाग थोडे असतात: ग्रुपची रिंग, पिस्टनची सीलं, व्हॉल्व्हचे वॉशर. कुकरची रिंग कडक झाली की आपण बदलतो, तसंच. चालू कॅफेत ग्रुपची रिंग साधारण वर्षभरात बदलावी लागते. ती कडक होऊन हँडलच्या कडेने पाणी गळू लागलं की कितीही घट्ट आवळून उपयोग नसतो.

त्या मुलाने सांगितलं, की एकदा रिंग गेली आणि योग्य मापाची मिळेपर्यंत एक ग्रुप कितीतरी दिवस बंद होता. परदेशातून मागवायची तर वाट बघा. इतवारीच्या हार्डवेअरमध्ये मापाची मिळाली तरी ते रबर खाद्यपदार्थाला आणि शंभर अंशांच्या वर चालेल का, हे दुकानदाराला कसं कळणार? शेवटी कॅफेने एकाच वेळी चार रिंगा मागवून ठेवल्या. आता त्या एका डब्यात, साखरेच्या पुड्यांशेजारी, नीट नाव लिहून ठेवल्या आहेत.

म्हणजे प्रश्न मशीनचा नाही, सुट्या भागांचा आणि माहितीचा आहे. यालाच सध्या जगभर 'राइट टू रिपेअर', दुरुस्तीचा हक्क म्हणतात. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर 'दुरुस्ती किती सोपी' याचे गुण छापणं सक्तीचं केलं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, आणि मे २०२५ मध्ये मोबाईल-इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'च्या चौकटीचा अहवाल विभागाला मिळाला.

दिशा चांगली आहे, पण चर्चा मोबाईलभोवतीच फिरते. छोट्या धंद्याच्या मशीनचं काय? कॉफी मशीन, ज्यूसरचं मशीन, झेरॉक्स, शिलाई मशीन, यावर घर चालतं. मोबाईल आठ दिवस बंद पडला तर आपली चिडचिड होते. मशीन आठ दिवस बंद पडलं तर भाडं थकतं. सुट्या भागांची यादी, मापं आणि उघडायची पद्धत खुली ठेवायची सक्ती या मशीनसाठीही व्हायला हवी. आणि खरं सांगायचं तर आपल्याला दुरुस्ती नवीन नाही. बर्डीवर मोबाईल उघडून बसलेले दादा, गल्लीतले मिक्सरवाले काका, यांच्या हातात ते कौशल्य आहेच. त्यांना नकाशा मिळत नाही, एवढंच.

तो पाऊण तास कुणाचा?

आता सगळ्यात अवघड मुद्दा. मी त्याला विचारलं, ड्युटी किती वाजेपर्यंत? दहापर्यंत. मग आता पावणेअकराला जे चाललंय ते? तो हसला. "हे तर करावंच लागते ना ताई."

करावंच लागतं हे खरं. पण ते काम आहे की नाही? महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा मुळात दिवसाला ९ तास आणि त्यावर ओव्हरटाइमला दुप्पट वेतन सांगत होता, पण तो लागू होता दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीस कामगारांवर नेण्याला आणि दिवसाचे तास १० करण्याला मंजुरी दिली. पाच-सहा पोरांवर चालणारे आपले कॅफे आधीही या तरतुदींच्या बाहेर होते. नव्या मर्यादेने दहा ते एकोणीस कामगारांचे कॅफेही बाहेर जातात. दुसरीकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेत किमान वेतनाचा हक्क सगळ्या कामगारांना दिलाय आणि ठरलेल्या तासांपेक्षा जास्त कामाला दुप्पट दर सांगितलाय. कागदावर हक्क आहे. पण शटर पडल्यावरचा पाऊण तास हजेरीत लिहिलाच नाही, तर तो सिद्ध कसा करणार?

मालकाची बाजूही ऐकली. भाडं, वीज, दूध सगळं वाढलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अराबिका कॉफीने पौंडाला ४ डॉलर ओलांडून विक्रम केला. बियांचा खर्च वाढला की मालक कुठेतरी कापणारच. हे समजण्यासारखं आहे. पण हिशेब उलटाही करून बघा. महागड्या बिया खवट जाळीतून काढल्या तर नुकसान दुप्पट. सफाईचा पाऊण तास पगारात धरला तर तो मशीनचा विमाच ठरतो. आणि थकलेला मुलगा रात्री अकराला घाईघाईत सफाई करेल तेव्हा काय होईल?

कारण लिव्हर माफ करत नाही. शॉट संपल्यावर आत दाब शिल्लक असताना हँडल काढलं तर उकळता चोथा अंगावर उडतो. स्प्रिंगवाल्या मशीनमध्ये हँडल न लावता, कॉफी न भरता दांडा ओढून सोडला तर समोर काहीच अडसर नसतो, आणि तो इतक्या जोरात वर येतो की जबडा फुटू शकतो. ही ट्रेनिंग कुणी देत नाही. त्या मुलाच्या मनगटावर जुना डाग होता. मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं, पहिल्या आठवड्यातला आहे म्हणून.

भारतात कॉफीच्या कामगारांनी स्वतःचा मार्ग काढल्याचं उदाहरण आहे, आणि त्यात नागपूरही आहे. पन्नाशीच्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली. काढून टाकलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था उभ्या केल्या. पहिली १९ ऑगस्ट १९५७ ला बंगळुरूमध्ये. १९५८ अखेरपर्यंत हे जाळं ज्या शहरांत पोचलं त्यांत नागपूर होतं. कप विसळणाऱ्याचाही धंद्यात वाटा, ही कल्पना आपल्या शहराला जुनीच आहे. आज प्रत्येक कॅफे सहकारी होणार नाही, पण ड्युटी दहाला संपते की साफसफाई झाल्यावर, एवढं तरी कागदावर लिहिता येईल.

आपण काय करू शकतो?

कॅफेत पार्टटाइम करणाऱ्यांनी रुजू होतानाच 'क्लोजिंग'चा वेळ तासांत धरलाय का ते विचारा आणि व्हॉट्सॲपवर का होईना, लेखी घ्या. रोज किती वाजता निघालात ते वहीत टिपा. आयटीआयला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन करणाऱ्यांनी या मशीनकडे लक्ष द्या, शहरात कॅफे वाढताहेत आणि मशीन उघडणारे हात कमी आहेत. आणि गिऱ्हाईक म्हणून? ऑर्डर द्यायच्या आधी वाफेच्या नळीकडे एक नजर टाका. ती पांढरी, खरखरीत दिसली तर चहा घ्या.

घरी लिव्हर असेल तर

• रोज: चोथा काढा, चाळणी धुवा, ग्रुपमधून पाणी सोडा, रिंग ब्रशने साफ करा. वाफेची नळी लगेच पुसा.
• दर आठवड्याला: जाळी-चाळणी क्लीनरमध्ये भिजवून स्वच्छ धुवा.
• काही महिन्यांनी: पिस्टनची सीलं तपासा, सिलिकॉन ग्रीस लावा. खाण्याचं तेल लावू नका, ते खवट होतं.
• पाण्यानुसार: लिंबूसत्त्वाने क्षार काढा.
• कधीच नाही: बॉयलर रिकामा असताना चालू करू नका. गरम असताना, दाब न सोडता झाकण उघडू नका. सेफ्टी व्हॉल्व्हला हुशारी दाखवू नका.

त्या रात्री सव्वाअकराला त्याने शेवटचं फडकं पिळून वाळत टाकलं, दांड्यावरचे बोटांचे ठसे पुसले आणि मला म्हणाला, "आता काढा फोटो." मी काढला. फोटोत मशीन आहे, आणि त्याच्या पत्र्यात पुसट दिसणारा तोही आहे. पुरवणीच्या यादीत कॅफेचं नाव येईल, त्याचं येणार नाही. पुढच्या वेळी कप छान लागला, तर काउंटरवर जाऊन एवढंच विचारा: "दादा, रात्री सुटता किती वाजता?"